मॉर्फिन
मॉर्फिन हे अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक औषध आहे. कर्करोग, मोठी शस्त्रक्रिया व गंभीर दुखापत यांतील असह्य वेदनांवर ते वैद्यकीय देखरेखीखाली देतात. बद्धकोष्ठता, मळमळ व गुंगी हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम होत. अतिमात्रेमुळे श्वसन मंदावून मृत्यू ओढवू शकतो. त्यावर नॅलोक्सोन हा उतारा आहे. दीर्घ वापराने शरीराला सवय लागत असल्याने ते एकाएकी बंद करीत नाहीत.

भारतात अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जाचक अटींमुळे कर्करुग्णांनाही मॉर्फिन दुर्मिळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी ही प्रक्रिया सुलभ केली. मुंबईत चिंचपोकळीनजीक परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयाच्या (स्थापना १९४१) उपशामक उपचार विभागात कर्करोगाच्या वेदनांवर ते वापरले जाते.