ओमायक्रॉन सौम्य होता, पण कुणासाठी?

"व्हायरस जुना झाला की आपोआप मवाळ होतो." हे वाक्य हल्ली फार ऐकतो. चांगली शिकलेली माणसंही नियम असल्यासारखं सांगतात. कोरोनाचा इतिहास मात्र वेगळं सांगतो.

2021 च्या सुरुवातीला आपण सगळे "गेला कोरोना" म्हणून मोकळे झालो होतो. त्याच फेब्रुवारीत अमरावती-अकोल्याकडे रुग्ण वाढायला लागले. पुढे ज्याला डेल्टा म्हटलं, त्याचं कूळ महाराष्ट्रातल्याच नमुन्यांत सापडलं होतं. हा जुन्यापेक्षा मवाळ? उलट इंग्लंड-स्कॉटलंडच्या नोंदींत आधीच्या अल्फापेक्षा डेल्टाच्या रुग्णांना दवाखान्यात दाखल करावं लागण्याचा धोका जवळपास दुप्पट निघाला. ऑक्सिजनसाठीची धावपळ कुणाला आठवून द्यायला नको.

कारण साधं आहे. कोरोनाचा माणूस सुरुवातीच्या दिवसांतच इतरांना लागण देतो, मृत्यू होतो तो बहुधा दोन-तीन आठवड्यांनी. तोवर विषाणूचं काम झालेलं असतं. रोगी जगला काय, गेला काय, त्याला फरक पडत नाही. 1918 च्या फ्लूतही मुंबईत जूनची लाट त्यामानाने हलकी होती, माणसं पटापट गेली ती सप्टेंबर-ऑक्टोबरात.

मग ओमायक्रॉन? जानेवारी 2022 मध्ये मुंबईत दिवसाला वीस हजारांवर रुग्ण गेले, मृत्यू मात्र थोडे. तो फुप्फुसात कमी उतरायचा हे खरंच. पण तोपर्यंत आपल्यातल्या बहुतेकांना एकतर लागण होऊन गेली होती, नाहीतर लस मिळाली होती, काहींना दोन्ही. आयसीएमआरच्या जून-जुलै 2021 च्या पाहणीतच देशातल्या 67.6 टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी होत्या.

आता हाँगकाँग बघा. तिथे 2021 अखेरपर्यंत कोरोनाने सव्वादोनशे माणसंही गेली नव्हती. म्हणजे जुनी लागण जवळपास नाहीच. आणि ऐंशीच्या पुढच्या बहुतेक म्हाताऱ्यांनी लसही घेतली नव्हती. तोच 'सौम्य' ओमायक्रॉन तिथे शिरला आणि काही महिन्यांत नऊ हजारांवर माणसं गेली. शवागारं भरली.

म्हणून नुसते मृत्युदराचे टक्के शेजारी-शेजारी मांडून "हा घातक, तो बिनविषारी" असं ठरवणाऱ्या पोस्टवर माझा विश्वास नाही. शिवाय भागाकारातला खालचा आकडाच कच्चा असतो. जुलै 2020 मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं, तर झोपडपट्टीत 57 टक्के लोकांना लागण होऊन गेलेली निघाली. अधिकृत यादीत एवढी नावं कुठे होती? आणि 2022 मध्ये घरी किटवर टेस्ट करून गप्प बसलेले किती, ते तुम्हीच आपापल्या सोसायटीत मोजा.

घरात सत्तरीपुढचं कुणी असेल, मधुमेह असेल, तर "आता नुसती सर्दीच असते" एवढ्यावर भागवू नका. खोकला-ताप घेऊन आजीच्या खोलीत जाताना मास्क लावायला पैसे पडत नाहीत.