पहारेकरी आणि सेनापती

गावी आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक पदक होतं. ते महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. दर १ जानेवारीला पदक पुसून छातीला लावायचे आणि कोरेगावला जायचे. लढाईविषयी मात्र चकार शब्द काढत नसत. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. इतिहास शिकवू लागलो, तेव्हा या पदकाकडे अभिमानानं पाहावं की संशयानं, हा प्रश्न माझ्या मागे लागला. अमेरिकन सेनापती रॉस्को रॉबिन्सन यांचं चरित्र मला या प्रश्नामुळेच जवळचं वाटतं.

रॉबिन्सन १९२८ साली सेंट लुईस शहरात जन्मले. त्याआधी तीनच वर्षं, १९२५ साली, अमेरिकन लष्कराच्या वॉर कॉलेजनं एक अहवाल तयार केला होता. काळा माणूस बुद्धीनं कमी, धैर्यानं कमी, नेतृत्वाला नालायक, असा त्याचा सूर होता. ही भाषा आपल्याला परकी नाही. कोरेगावच्या स्तंभावर महार सैनिकांची नावं कोरलेली असतानाही इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली महार पलटण उभारली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. १९४१ साली ती पुन्हा उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता.

अमेरिकेतही दार आपोआप उघडलं नाही. जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग इथं गोऱ्या सैनिकांना पॅराशूटचं शिक्षण मिळे. काळ्या सैनिकांकडे त्या शाळेचा पहारा होता. वॉल्टर मॉरिस या सार्जंटनं पाहिलं की या कामानं आपली माणसं खचत चालली आहेत. गोऱ्यांची कवायत संपून मैदान मोकळं झालं की तो तीच कवायत आपल्या माणसांकडून करून घेऊ लागला. एकलव्याची गोष्टच ही, पण इथं कुणी अंगठा कापून दिला नाही. १९४४ च्या फेब्रुवारीत पहिल्या काळ्या तुकडीतले १६ जण पॅराशूट सैनिक झाले. त्यातून ५५५ वी बटालियन उभी राहिली. तिला युरोपच्या आघाडीवर मात्र पाठवलं नाही. १९४५ साली ओरेगन राज्यात पाठवलं आणि जंगलातले वणवे विझवायला विमानातून उड्या मारायला लावलं. १९४७ च्या डिसेंबरात ही बटालियन ८२ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये विलीन झाली. सैन्यातला वर्णभेद मोडण्याचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा हुकूम त्यानंतर, १९४८ साली निघाला.

रॉबिन्सन १९५१ साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले. कोरियाच्या युद्धात त्यांना ब्राँझ स्टार मिळाला, व्हिएतनाममध्ये सिल्व्हर स्टार, तोही दोनदा. १९७६ साली त्याच ८२ व्या डिव्हिजनचे ते प्रमुख झाले. त्या जागेवर बसलेले पहिले काळे अधिकारी. १९८२ साली अमेरिकन भूदलातले पहिले काळे चार तारांकित सेनापती झाले. १९२५ च्या अहवालाला याहून सडेतोड उत्तर कोणतं?

इथं लेख संपवला असता तर तो गौरवग्रंथात शोभला असता. पण आपण इतिहास गौरवासाठी लिहीत नाही. रॉबिन्सन १९६७-६८ मध्ये व्हिएतनाममध्ये होते. ज्या बटालियनचं त्यांनी नेतृत्व केलं, ती सातव्या कॅव्हलरी रेजिमेंटची. याच रेजिमेंटनं १८९० साली वुंडेड नी इथं लाकोटा आदिवासींची, बायकामुलांसकट, कत्तल केली होती. १९६७ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी व्हिएतनाम युद्धाचा जाहीर निषेध केला. त्याच महिन्यात मुहम्मद अली यांनी सैन्यात जायला नकार दिला आणि जगज्जेतेपद गमावलं. युद्धाच्या पहिल्या वर्षांत मरणाऱ्यांमध्ये काळ्यांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानानं जास्त होतं. मग खरा शूर कोण? पदक घेणारा की नकार देणारा?

हा प्रश्न असा मांडणंच मला अपुरं वाटतं. ज्याला माणूस मानलं नाही, त्यानं बंदूक मागणं हीदेखील माणूसपणाचीच मागणी असते. पण दार उघडणारा, आत गेल्यावर कुणावर गोळी झाडायची हे आपल्याला विचारत नाही. आजोबांना हे माझ्याआधी कळलं असावं, म्हणून ते लढाईबद्दल गप्प राहिले आणि कोरेगावला मात्र कधी चुकले नाहीत.

रॉबिन्सन १९९३ साली वारले. वेस्ट पॉइंटच्या एका सभागृहाला त्यांचं नाव आहे. ते असावंच. पण आपल्या विद्यार्थ्यांनी सेनापतीच्या चरित्राआधी पहारेकऱ्यांची हकीकत वाचावी आणि मग पदकाची दुसरी बाजूही उलटून पाहावी. पेटीतलं ते पदक आता माझ्याकडे आहे. मी ते पुसतो आणि पाठीमागूनही पाहतो.