शेवटून पहिला : केंब्रिजच्या लाकडी चमच्याची कथा

१/ 'रँग्लर परांजपे' हे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. परंतु 'रँग्लर' म्हणजे नेमके काय? आणि ज्या परीक्षेने ही पदवी दिली, तिच्यात शेवटून पहिल्या येणाऱ्याला मित्र भलाथोरला लाकडी चमचा का देत असत? (थ्रेड)

२/ केंब्रिज विद्यापीठाच्या गणितातील ऑनर्स परीक्षेचे नाव ट्रायपॉस. जुन्या काळी पदवीसाठी लॅटिनमध्ये जाहीर वादविवाद करावा लागे. इंग्रजीत 'रँगल' म्हणजे वाद घालणे; त्यावरून रँग्लर. पुढे वादाची जागा लेखी परीक्षेने घेतली, नाव मात्र टिकले.

३/ १८व्या शतकाच्या मध्यापासून निकाल गुणानुक्रमे लागू लागला. पहिल्या वर्गातले रँग्लर, दुसऱ्यातले सीनियर ऑप्टिमे, तिसऱ्यातले ज्युनियर ऑप्टिमे. सर्वांत पहिला तो सीनियर रँग्लर. त्याची कीर्ती विद्यापीठाबाहेरही पसरत असे.

४/ यादीतील अखेरच्या नावाचा 'सन्मान' विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घेतला. पदवीदानाच्या वेळी तो कुलगुरूंसमोर गुडघे टेकून बसला, की सिनेट हाउसच्या सज्जातून मित्र दोरीने लाकडी चमचा खाली सोडत. गंभीर समारंभात एकच हशा पिके.

५/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : हा विद्यार्थी अनुत्तीर्ण नसे. ऑनर्स मिळवणाऱ्यांतला तो शेवटचा. नापास झालेल्याच्या वाट्याला चमचाही येत नसे.

६/ १८९० साली न्यूनहॅम महाविद्यालयाच्या फिलिपा फॉसेट यांनी सर्वाधिक गुण मिळवले. स्त्रियांची यादी वेगळी वाचली जाई. म्हणून त्यांचे स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असे घोषित झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला, पदवी मात्र मिळाली नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ पासून.

७/ १८९९ मध्ये सेंट जॉन्स महाविद्यालयाचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर ठरले. हा मान त्यांना दुसऱ्या एका विद्यार्थ्यासह विभागून मिळाला. हे स्थान मिळवणारे ते पहिले भारतीय. परतल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. केंब्रिजमधला परीक्षेचा वर्ग मराठीत नावाआधीची उपाधी झाला.

८/ या क्रमांकांपायी खासगी शिकवण्यांचे मोठे प्रस्थ माजले. एकट्या एडवर्ड राउथ यांच्या हाताखालून पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर तयार झाले. विद्यार्थी गणित शिकतात की परीक्षा, असा प्रश्न उभा राहिला. स्वतः चौथे रँग्लर असलेले जी. एच. हार्डी हे या पद्धतीचे कठोर टीकाकार होते.

९/ १९०९ साली अखेरची गुणानुक्रम यादी लागली. शेवटचा चमचा मिळाला कथबर्ट होल्टहाउस यांना. तेही सेंट जॉन्सचेच, आणि नौकानयनपटू. म्हणून चमचा वल्ह्याच्या पात्यापासून घडवला होता, लांबी मीटरहून अधिक! पुढच्या वर्षापासून प्रत्येक वर्गातील नावे वर्णानुक्रमे लागू लागली.

१०/ सीनियर रँग्लरचे जाहीर पद आणि लाकडी चमचा एकाच दिवशी इतिहासजमा झाले, आणि ते स्वाभाविक होते. पहिला कोण हे जगाला सांगायचे, तर शेवटचा कोण हेही उघड होते. त्या उघडेपणाची धार विद्यार्थ्यांनी थट्टेने बोथट केली. विद्यापीठाला मात्र यादीच बदलावी लागली. आपल्या निकालांच्या फलकांकडे पाहताना हे स्मरणात असावे.