गोड चेरीच्या घन लागवडीचा विकास : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

फळबागेच्या संदर्भात उत्पादन आणि नफा हे शब्द बहुधा जोडीने येतात. परंतु भरघोस उत्पादन देणारी बाग फायदेशीर असतेच असे नाही. गोड चेरीच्या घन लागवडीचा इतिहास हा फरक स्पष्ट करतो. प्रस्तुत लेखात विरळ लागवडीपासून घन लागवडीपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

उंच झाडांची बाग :

इ.स. १८४७ मध्ये हेंडरसन लुएलिंग यांनी सुमारे ७०० फळझाडांची रोपे बैल जुंपलेल्या गाड्यांतून अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात नेली. त्यांचे बंधू सेथ यांच्या मिलवॉकी येथील बागेत १८७५ च्या सुमारास 'बिंग' हे वाण तयार झाले. आह बिंग या चिनी मुकादमाचे नाव त्यास दिले गेले. हा मुकादम पुढे मायदेशी गेला आणि १८८२ च्या चिनी-प्रतिबंधक कायद्यामुळे त्यास परत येता आले नाही, असे सांगितले जाते. चेरीची बाग आरंभापासूनच मजुरांच्या श्रमावर उभी होती, याची ही साक्ष होय.

जंगली चेरीच्या रोपांवर कलम केलेली ही झाडे दहा मीटरपर्यंत वाढत. ६ × ६ मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे २७८ झाडे बसत. पुरेशी फळे येण्यास अनेक वर्षे लागत आणि तोडणी उंच शिडीवरून करावी लागे.

परागीभवन व खुंट :

बहुतेक जुन्या वाणांत स्वतःच्या परागाने फळधारणा होत नसे. बिंग, लॅम्बर्ट व नेपोलियन ही वाणे तर परस्परांनाही उपयोगी पडत नसत. त्यामुळे बागेतील काही जागा परागदाता झाडांसाठी राखावी लागे. इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेत क्ष-किरणांच्या साहाय्याने स्वफलनक्षम रोपे मिळाली. त्यांच्या आधारे कॅनडातील समरलँड केंद्राने १९६८ मध्ये 'स्टेला' हे वाण प्रसारित केले.

झाडाच्या उंचीचा प्रश्न मात्र खुंटाशी निगडित होता. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंगच्या 'कोल्ट' खुंटाने वाढ काही प्रमाणातच आटोक्यात आली. जर्मनीतील गीसेन येथे १९६० च्या दशकात सुरू झालेल्या संकरांतून 'गिझेला' मालिका निर्माण झाली. यांपैकी 'गिझेला ५' वरील झाड जंगली खुंटावरील झाडाच्या सुमारे निम्मेच वाढते व लवकर फळास येते. त्यामुळे ४ × २ मीटर अंतरावर हेक्टरी १२५० झाडे लावणे शक्य झाले.

उत्पादनाकडून नफ्याकडे :

या यशातूनच नवा प्रश्न उद्भवला. बुटक्या खुंटावर फळे अतोनात धरतात, दर फळामागे पानांची संख्या घटते आणि फळ लहान राहते. बाजारात भाव मात्र मोठ्या फळास मिळतो. उंच झाडाप्रमाणे सौम्य छाटणी केल्यास उत्पादन वाढूनही उत्पन्न घटते. म्हणून दरवर्षी फळधारी लाकूड छाटून नवीन वाढ घेणे आवश्यक ठरले. स्पॅनिश बुश, ऑस्ट्रेलियातील किम ग्रीन बुश यांसारख्या वळण-पद्धतींत जमिनीवर उभे राहूनच बहुतेक तोडणी करता येते व मजुरीची बचत होते.

दुसऱ्या बाजूस भांडवली खर्च वाढला. हेक्टरी चौपटीहून अधिक कलमे, ठिबक सिंचन आणि पक्व फळे पावसाने तडकू नयेत म्हणून आच्छादन, असा हा खर्च आहे. तोडणीच्या दिवसांतील एका पावसाने त्याची परतफेड लांबणीवर पडू शकते. ही जोखीम लहान बागायतदारास अधिक जाचक ठरते.

निष्कर्ष :

झाडांची संख्या हे घन लागवडीचे गमक नसून फळ व पान यांतील समतोल हे तिचे गमक आहे. जमिनीचा कस, खुंट आणि वाण यांचा मेळ प्रथम बसवावा लागतो. अंतर व वळण त्यानंतर ठरते. हा क्रम चुकल्यास लागवडीच्या दिवशी झालेली चूक बागेच्या संपूर्ण आयुष्यभर सोसावी लागते. शिडी गेली, तरी तोडणारा हात गेलेला नाही. त्या हाताचे श्रम हलके करणे आणि त्यास मोठे फळ देणे, यातच बागेचा नफा सामावलेला आहे.