गोंगाटातला मायक्रोफोन: दोन घराण्यांचा इतिहास

गेम खेळताना सोबत्यांशी बोलण्यासाठी किंवा घरच्या घरी व्हिडिओ तयार करण्यासाठी आज जो कमी किमतीचा मायक्रोफोन विकत घेतला जातो, त्याच्या घडणीमागे सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो दोन वेगळ्या परंपरांतून आलेला आहे. एक परंपरा ध्वनिमुद्रणाच्या शांत खोलीत वाढली. बाहेरचा आवाज भिंतींनी आधीच अडवलेला असल्यामुळे तिथे मायक्रोफोनने शक्य तितके सूक्ष्म टिपावे, एवढीच अपेक्षा होती. दुसरी परंपरा टेलिफोनवर, विमानात, क्रीडांगणावर आणि सभामंडपात वाढली, जिथे गोंगाट थांबवणे कोणाच्याच हाती नव्हते आणि म्हणून बोलणाऱ्याचे तोंड व मायक्रोफोन यांच्यातील अंतर कमी करणे हाच मुख्य उपाय ठरला. संगीतातल्या घराण्यांप्रमाणे या दोन परंपरांची शिस्त, साधने आणि आवाजाविषयीची कल्पना वेगवेगळी राहिली. पंखा, मिक्सर, कुकरची शिट्टी आणि शेजारच्या खोलीतला टीव्ही यांनी भरलेल्या घरात कोणता मायक्रोफोन चालेल, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या घराण्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. बाजारात मात्र दीर्घकाळ पहिल्या घराण्याचीच प्रतिष्ठा विकली गेली.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८७६ मध्ये टेलिफोनवरून पहिले वाक्य पाठवले, तेव्हा वापरलेला प्रेषक, म्हणजे आवाजाचे विजेत रूपांतर करणारे उपकरण, आम्लमिश्रित पाण्यावर चालत होता आणि रोजच्या वापरात तो टिकण्यासारखा नव्हता. पुढच्या दोनेक वर्षांत एमिल बर्लिनर, थॉमस एडिसन आणि डेव्हिड एडवर्ड ह्यूज यांच्या स्वतंत्र प्रयत्नांतून कार्बनचा मायक्रोफोन घडला, आणि इंग्लंडमधील धर्मोपदेशक हेन्री हनिंग्ज यांनी १८७८ मध्ये त्यात कार्बनचे सुटे कण भरून त्याला अधिक जोरकस केले. बोलण्याने पुढचा पडदा हलला की हे कण कमीअधिक दाबले जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि त्यांतून वाहणारा प्रवाह आवाजाबरहुकूम चढउतार करतो. या मायक्रोफोनमध्ये स्वतःची खरखर बरीच होती आणि बारकावे टिपण्याची ताकद बेताची होती. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगभरचे टेलिफोन त्याच्यावर चालले. भर बाजारातल्या पेढीवरून किंवा रेल्वे स्थानकातून केलेले बोलणे पलीकडे समजत असे, याचे श्रेय मुख्यतः टेलिफोनच्या रचनेकडे जाते, कारण त्याचे मुखपात्र ओठांपासून दोन-तीन बोटांवर येईल असेच बनवलेले होते.

शांत खोलीच्या घराण्याचा आरंभ १९१६ पासून धरता येतो. त्या वर्षी वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील ई. सी. वेंट यांनी कंडेन्सर मायक्रोफोन तयार केला. ताणून बसवलेला अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे केसभर अंतरावरची धातूची चकती यांच्यावर विद्युतभार ठेवला, की पडद्याच्या सूक्ष्म हालचालीनेही त्यांची विद्युतधारकता बदलते आणि त्या बदलातून आवाजाची तंतोतंत विद्युतप्रतिमा मिळते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा कलावंताला एका कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागत होते, कारण मुद्रणाची सुई केवळ हवेच्या दाबावर हलत होती. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण व्यवहारात आले आणि गायकाला मायक्रोफोनपासून दूर उभे राहता येऊ लागले. खोलीचा घुमारादेखील मुद्रणाचा भाग झाला. बर्लिनच्या गेऑर्ग नॉयमान यांनी १९२८ मध्ये कंडेन्सर मायक्रोफोनचे व्यापारी उत्पादन सुरू केले, आणि त्यानंतर मोठ्या जाळीचा, टांगलेल्या चौकटीत झुलणारा मायक्रोफोन हे स्टुडिओचे चिन्हच बनले. या मायक्रोफोनला बाहेरून वीज लागते. १९६६ मध्ये नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमान कंपनीने ती वीज आवाजाच्याच तारेतून ४८ व्होल्टने पुरवण्याची सोय केली, आणि ‘फँटम पॉवर’ या नावाने तीच पुढे जगभर रूढ झाली. घरगुती संगणकाच्या माइकचे छिद्र जेमतेम काही व्होल्ट देते, त्यामुळे स्वस्त कंडेन्सर थेट तिथे खुपसणाऱ्या अनेकांना जो क्षीण, खरखरीत आवाज मिळाला, त्याचे मूळ या सोयीच्या अभावात आहे.

दुसऱ्या घराण्याचे काम तुलनेने कमी प्रसिद्ध आहे, परंतु गोंगाटाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. १९३० च्या दशकात ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांपुढे प्रश्न असा होता, की हजारो प्रेक्षक ओरडत असताना सामन्याचे समालोचन श्रोत्यांपर्यंत स्वच्छ कसे पोहोचवावे. त्यांनी रिबन प्रकारचा, म्हणजे चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ॲल्युमिनियमची पातळ फीत लोंबती ठेवलेला मायक्रोफोन घेतला आणि त्याला वरच्या ओठावर टेकवायची एक पट्टी बसवली, जेणेकरून समालोचकाचे तोंड आणि फीत यांतील अंतर कितीही उत्साहाच्या क्षणी बदलू नये. अशी फीत दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे अगदी जवळून आलेल्या आवाजातले खर्जाचे स्वर ती अवाजवी फुगवते. हा दोष समजला जातो आणि त्याला ‘निकटतेचा परिणाम’ म्हणतात. अभियंत्यांनी फुगलेला खर्ज मायक्रोफोनमध्येच कापून टाकला, त्यामुळे समालोचकाचा आवाज नैसर्गिक झाला. पण दूरच्या गर्दीचा खर्ज मुळात फुगलेलाच नसल्यामुळे तो कापणीत जवळजवळ नाहीसा झाला. दोषाचाच आधार घेऊन गोंगाट वजा करण्याची ही युक्ती मायक्रोफोनच्या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर युक्त्यांपैकी एक आहे, आणि या पद्धतीचे ‘ओठमाइक’ क्रीडासमालोचनात पुढेही अनेक दशके वापरले गेले.

दुसऱ्या महायुद्धात हाच प्रश्न जिवावरचा झाला. बॉम्बफेकी विमानांच्या इंजिनांच्या घरघराटात वैमानिकांचे बोलणे एकमेकांना कळेना, म्हणून हार्वर्ड विद्यापीठात लिओ बेरानेक आणि एस. एस. स्टीव्हन्स यांच्या नेतृत्वाखालील दोन प्रयोगशाळांना गोंगाटातील संभाषणाच्या अभ्यासाला जुंपण्यात आले. कंठाला बांधायचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टाळत असे, परंतु त, प, स यांसारखी व्यंजने जीभ, दात आणि ओठ यांच्याजवळ घडतात, कंठात नव्हे. त्यामुळे शब्द अस्पष्ट होत. अमेरिकी सैन्याने वापरलेल्या टी-४५ या ओठांजवळच्या मायक्रोफोनमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजू हवेला खुल्या होत्या. इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंना जवळपास सारख्याच जोराने पोहोचून स्वतःला रद्द करी, तर तोंडातला आवाज एका बाजूला फार जवळ असल्याने टिकून राही. आज गेमिंगच्या हेडसेटला गालाशी वळून येणारी जी बारीक दांडी असते, ती याच वंशातली आहे, आणि अनेक चांगल्या हेडसेटांत हेच द्विमुखी तत्त्व वापरलेले असते.

सभा आणि रंगमंच यांचा गोंगाट निराळा होता, कारण तिथे कर्ण्यातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून कर्कश शिट्टी वाजे. मुंबईच्या नानिक मोटवानी यांच्या शिकागो रेडिओ या संस्थेने काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरवले. स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांच्या छायाचित्रांत पुढ्यातल्या मायक्रोफोनवर तिचे नाव वाचता येते. एकाच बाजूचे ऐकणारा मायक्रोफोन हा शिट्टीवरचा उपाय होता. बेंजामिन बाउअर यांनी शूर कंपनीसाठी घडवलेला युनिडाइन १९३९ मध्ये आला, आणि एकाच घटकाच्या साह्याने ‘कार्डिऑइड’ म्हणजे हृदयाकृती ग्रहणक्षेत्र मिळवणारा तो पहिला डायनॅमिक मायक्रोफोन ठरला. डायनॅमिक प्रकारात पडद्याला तारेचे बारीक वेटोळे जोडलेले असते आणि ते चुंबकीय क्षेत्रात हलून वीज निर्माण करते. त्याला बाहेरची वीज लागत नाही आणि तो आपटला तरी सहसा बिघडत नाही. याच वाटेने १९६६ मध्ये शूरचाच एसएम५८ हा मायक्रोफोन आला. त्याच्या नावातील अक्षरे स्टुडिओची होती, तरी त्याचे खरे आयुष्य रंगमंचावर, गायकाच्या ओठांना जाळी लागेल इतक्या जवळ गेले. महाराष्ट्रातल्या मंडपांतून, कीर्तनांतून आणि ऑर्केस्ट्रांतून दिसणारा गोल जाळीचा हातमाइक त्याच घाटाचा आहे.

मायक्रोफोन स्वस्त झाला तो मात्र तिसऱ्याच ठिकाणच्या शोधामुळे. १९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात विद्युतभार कायमचा कोंडून ठेवला. अशा पदार्थाला ‘इलेक्ट्रेट’ म्हणतात, आणि त्यामुळे कंडेन्सरला लागणारा मोठा विद्युतदाब अनावश्यक झाला. जपानमध्ये सोनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे मोठे उत्पादन सुरू केले. कॅसेट रेकॉर्डर, टेलिफोन, श्रवणयंत्र आणि पुढे मोबाइल यांतून तो घरोघर पोहोचला. स्टुडिओच्या घराण्याची संवेदनशीलता आता नखाएवढ्या, काही रुपयांच्या डबीत मावू लागली, मात्र त्या घराण्याची शांत खोली तिच्याबरोबर आली नाही.

२००५ मध्ये यूट्यूब सुरू झाले आणि त्याच सुमारास यूएसबी वायरने थेट संगणकाला जोडता येणारे कंडेन्सर मायक्रोफोन बाजारात आले. २००९ चा ब्लू यती त्यांतला सर्वांत ओळखीचा ठरला. २०११ मध्ये ट्विच हे संकेतस्थळ आल्यावर संगणकीय खेळांचे थेट प्रक्षेपण हा उद्योग झाला. भारतात २०१६ नंतर स्वस्त झालेले इंटरनेट, २०१८ मधील पबजी मोबाइल आणि २०२० ची टाळेबंदी यांनी हजारो घरांतल्या मुलामुलींना बोलते केले, आणि ही घरे बहुतेक वेळा वन रूम किचनची, रस्त्याला लागून असलेली होती. त्यांच्यासाठी बीएम-८०० या नावाने निरनिराळ्या विक्रेत्यांनी विकलेला मायक्रोफोन स्टुडिओच्या रूपाची नक्कल होता. मोठ्या जाळीआड पुष्कळदा लहानशी इलेक्ट्रेट डबीच असे. तो टेबलावर, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर ठेवला जाई, आणि कळफलकाची टकटक, पंख्याची घरघर व दूरच्या भांड्यांचा खणखणाट तो इमानाने टिपत असे. ही त्या उपकरणाची खोट नव्हती. ज्या खोलीसाठी हे घराणे घडले, ती खोलीच त्या घरात नव्हती.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डायनॅमिक मायक्रोफोन गोंगाट ‘ऐकत नाही’ असे सर्रास म्हटले जाते, पण बोलणारा आवाज आणि भोवतालचा गोंगाट यांचे प्रमाण पडद्यापाशी पोहोचण्याआधी हवेतच ठरलेले असते, आणि कमी संवेदनशील मायक्रोफोन दोहोंनाही सारखेच कमी करतो. अंतर निम्मे केले की आवाज तत्त्वतः ६ डेसिबलने वाढतो. म्हणजे ५० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आल्यास बोलणे सुमारे २० डेसिबलने वर येते, तर पंख्याचा आवाज होता तिथेच राहतो. कार्डिऑइड ग्रहणक्षेत्र चहूबाजूंनी पसरलेल्या गोंगाटाविरुद्ध फार तर ५ डेसिबलच्या आसपास मदत करते; गोंगाट एकाच दिशेने येत असेल आणि मायक्रोफोनची पाठ त्याच्याकडे वळवली, तर ही मदत अधिक होते. डायनॅमिकचा खरा लाभ असा, की त्याची घडण तोंडाला चिकटून वापरण्यासाठी झालेली आहे, त्यामुळे वापरणारा आपोआप जवळ येतो. म्हणून बेताच्या पैशांत यूएसबीची जोडणी असलेला हातमाइक, उदाहरणार्थ सॅमसनचा क्यू२यू, टेबलावर न ठेवता वळणाऱ्या दांडीवर ओठांपाशी बसवणे, किंवा गालाशी येणाऱ्या माइकचा हेडसेट घेणे, हे त्याच किमतीच्या दिखाऊ कंडेन्सरपेक्षा बहुधा अधिक उपयोगी पडते. मराठी व्हिडिओकारांमध्ये लोकप्रिय असलेला बोया बीवाय-एम१ हा कॉलरमाइक सर्व दिशांचे ऐकतो, तरी छातीवर बसत असल्याने टेबलावरच्या महागड्या यंत्रालाही तो मागे टाकू शकतो.

गोंगाट गणिताने वजा करण्याचा मार्गही जुना आहे. १९७९ मध्ये स्टीव्हन बॉल यांनी बोलणे थांबलेल्या क्षणी मोजलेला गोंगाट पुढच्या बोलण्यातून वजा करण्याची रीत मांडली. २०१७ मध्ये जाँ-मार्क व्हालँ यांचा आरएननॉइज हा मुक्त संगणक-कार्यक्रम आला, ज्यात माणसाचा आवाज आणि इतर आवाज यांतला फरक उदाहरणांवरून शिकवलेले न्यूरल जाळे वापरलेले आहे. २०२० मध्ये एनव्हिडिया आणि डिस्कॉर्ड यांनीही असेच साधन सामान्य खेळाडूंच्या हाती दिले. पंखा, कूलर आणि वाहनांची घरघर यांवर हे कार्यक्रम चांगले चालतात. शेजारच्या खोलीत मालिकेतली पात्रे मोठ्याने बोलत असली, की तो आवाजही माणसाचाच असल्याने जाळ्याची गफलत होते, आणि फार मोठ्या गोंगाटातून काढलेले बोलणे पाण्याखालून आल्यासारखे तुटक होते. ओठांपासून चार बोटांवर असलेल्या मायक्रोफोनकडून अशा कार्यक्रमाला जे बोलणे मिळते, त्यात टीव्हीचा आवाज इतका खाली गेलेला असतो की वजा करायला थोडेच उरते.