मानखुर्द : पर्जन्यजल-निःसारण व पूरनियंत्रण

बृहन्मुंबईच्या पूर्व उपनगरांपैकी एक. हे ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम काठी, तुर्भे (ट्रॉम्बे) टेकडीच्या उत्तरेस वसले असून महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागात मोडते. येथून कोणतीही मोठी नदी वाहत नाही. तरीही मुसळधार पावसात येथील सखल वस्त्यांत पाणी साचते. पावसाचे उतरणारे पाणी आणि भरतीचे चढणारे पाणी एकाच नाल्यात समोरासमोर आले, की तुंबलेले पाणी मागे वस्तीत शिरते. मानखुर्दच्या पुराचा इतिहास हा त्यामुळे पावसाचा कमी आणि जमिनीच्या वापराचा अधिक आहे.

तुर्भे हे मूळचे बेट. ते व साष्टी यांच्या दरम्यानचा प्रदेश खाजण, तिवरांची वने व मिठागरे यांनी व्यापलेला होता. अशा जमिनीत पाण्याशी कसे वागावे, हे कोकण किनाऱ्यावरील शेतकऱ्यास व आगरास पूर्वापार ठाऊक होते. खारजमिनीस मातीचा बांध घालीत व त्यात उघाडी बसवीत. भरतीच्या दाबाने उघाडी मिटे, ओहोटीस उघडे आणि आत साठलेले पावसाचे पाणी खाडीत जाई. भरतीच्या सहा तासांत आतील पाणी कोठे राहावयाचे, हा प्रश्न त्या रचनेत सुटलेला होता. कारण त्यासाठी मोकळे खाजण राखलेले असे. पुढील काळात बांधलेल्या नाल्यांनी पाणी वाहून नेण्याचा विचार केला, परंतु ते थोपवून धरण्याची जागा मात्र भरून टाकली.

हे भरणे प्रामुख्याने सार्वजनिक निर्णयांतून घडले. देवनार येथे १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला व खाडीकाठच्या दलदलीवर कचऱ्याची टेकाडे उभी राहिली. १९५० मध्ये हा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. त्याच सुमारास शहरातून हलविलेल्या झोपडीवासीयांसाठी तुर्भे परिसरात जनता कॉलनी वसविण्यात आली. ती जागा अणुशक्ती प्रकल्पास हवी होती. म्हणून १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, तेथील सु. ७०,००० रहिवाशांना चीता कॅम्प येथील खाडीलगतच्या सखल जमिनीवर पुन्हा हलविण्यात आले. गोवंडीचे शिवाजीनगरही शहरातून उठविलेल्या लोकांच्या पुनर्वसनातूनच वाढले. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पहिला पूल व १९९२ मध्ये वाशीपर्यंतचा लोहमार्ग सुरू झाल्यावर मानखुर्द हे नव्या मुंबईचे प्रवेशद्वार बनले आणि रस्ता व लोहमार्ग यांचे उंच भराव पाण्याच्या जुन्या वाटांना आडवे आले. २००० नंतर मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात लोहमार्गालगतच्या झोपड्यांतून उठविलेली कुटुंबे लल्लुभाई कंपाउंडमधील इमारतींत आणण्यात आली. शहराने ज्यांना जागा नाकारली, त्यांना समुद्राने पूर्णपणे न सोडलेली जागा मिळाली, असे या क्रमावरून दिसते. मुंबई मानव विकास अहवालात (२००९) सर्व विभागांमध्ये एम पूर्व विभागाचा निर्देशांक नीचतम होता.

मुंबईची जुनी पर्जन्यजलव्यवस्था ताशी २५ मिमी. पाऊस व त्या वेळी ओहोटी, असे गृहीत धरून आखलेली होती. पडलेल्या पावसाचा निम्माच भाग वाहून येईल व उरलेला जमिनीत मुरेल, असेही त्यात मानले होते. उपनगरांत तर बहुतांशी रस्त्याकडेची उघडी गटारे व नाले हीच व्यवस्था होती. १९८५ मधील पुरानंतर महानगरपालिकेने सल्लागारांकडून संपूर्ण व्यवस्थेचा अभ्यास करविला. त्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा अहवाल १९९३ मध्ये तयार झाला. त्याने ताशी ५० मिमी. पाऊस आणि तो सर्वच वाहून येणार, हे प्रमाण सुचविले. म्हणजे नाल्यांची आवश्यक क्षमता प्रत्यक्षात चौपट झाली. समुद्र व खाड्यांकडे उघडणाऱ्या १८६ मुखांपैकी ४५ मुखे सरासरी समुद्रसपाटीच्या खाली, १३५ मुखे तिच्या वर पण भरतीच्या पातळीखाली आणि अवघी सहा भरतीच्या पातळीहून उंच आहेत. नाला कितीही रुंद केला, तरी भरतीच्या वेळी तो वाहणार नाही, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते. म्हणून अहवालाने दारे व उदंचन केंद्रे सुचविली. मात्र अंमलबजावणी बारा वर्षे रेंगाळली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्यास तो सु. ७३ मिमी. होता. पावसाचा सर्वांत जोराचा भर दुपारी होता व चारच्या सुमारास सु. साडेचार मीटर उंचीची भरती आली. मुंबईत चारशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. शासनाने माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल २००६ मध्ये आला. २००७ मध्ये केंद्र शासनाने ब्रिमस्टोवॅडसाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले. नाले रुंद व खोल करणे, स्वयंचलित पर्जन्यमापके बसविणे, प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांवर निर्बंध (२००६) अशी कामे झाली. तिवरांच्या तोडीस मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मनाई केली. मानखुर्दच्या खाडीकाठापुरते पाहता या सर्व उपायांत हा आदेश कदाचित सर्वाधिक परिणामकारक ठरला. कारण त्याने उरलेले खाजण वाचविले.

उदंचन केंद्रांबाबत मात्र पूर्व किनारा मागे राहिला. योजलेल्या आठ केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया व गझदरबंद ही सहा २०२० पर्यंत कार्यान्वित झाली. यांपैकी ब्रिटानिया वगळता सर्व पश्चिमेकडील समुद्राकडे पाणी सोडतात. माहूल येथील केंद्र मिठागराच्या जमिनीच्या प्रश्नामुळे २०२१ पर्यंत उभे राहू शकले नाही. आणि ते झाले, तरी त्याचा लाभ मुख्यतः माहूल खाडीकडे उतरणाऱ्या कुर्ला, चेंबूर, शीव या भागांना होणार होता. देवनार व मानखुर्दचे नाले ठाण्याच्या खाडीस मिळतात. त्यांच्यासाठी या आठांत एकही केंद्र नव्हते. लोहमार्गाखालील महाराष्ट्रनगर भुयारी मार्गासारख्या ठिकाणी पंप लावून पाणी उपसले जाते, परंतु उपसलेले पाणी त्याच भरलेल्या नाल्यात पडते.

पावसाळ्यापूर्वी नाल्यांतील गाळ काढण्याची मुदत साधारणतः ३१ मे असते. ‘तौक्ते’ चक्रीवादळ १७ मे २०२१ रोजी मुंबईजवळून गेले व सांताक्रूझ येथे २४ तासांत २३० मिमी. पाऊस झाला. पावसाळ्याच्या दिनदर्शिकेवर आधारलेली ही सारी तयारी अशा वादळापुढे अपुरी असते. शिवाय या विभागात अनेक नाल्यांच्या काठाला घरे भिडलेली असल्याने यंत्र आत नेण्यास वाट नसते आणि गाळ हातांनी काढावा लागतो.

रहिवाशांचा स्वतःचा उपाय म्हणजे जोते उंचावणे. रस्त्यावर नवा थर पडला, की घराची जमीन रस्त्याच्या खाली जाते. ज्यास शक्य असेल तो राडारोडा टाकून ती वर घेतो. ज्यास ते परवडत नाही, त्याच्या घरात पुढील भरतीस शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणीही येते.