एका शब्दासाठी अब्बांच्या दारी

संकटात सापडलेल्या ख्रिस्ती माणसाने अनुभवी वडीलधाऱ्यापुढे मन उघडे करायचे आणि त्याचा सल्ला घ्यायचा, ही रीत ठळकपणे रुजली ती चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात. 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, आणि त्याच काळात कितीतरी स्त्रीपुरुष घरदार सोडून एकांतात राहू लागले. त्यांचा आदर्श होते अंतोनी. त्यांनीही साधनेची सुरुवात एकट्याने केली नव्हती. शेजारच्या गावातल्या एका वृद्ध साधकाकडून ते आधी शिकले.

एकांतात माणसाला सर्वांत जास्त छळते ते त्याचेच मन. इवाग्रियस या साधकाने (मृत्यू 399) दुपारच्या उदासीचे फार नेमके वर्णन केले आहे: सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे बघतो, कोणी भेटायला येते का म्हणून बाहेर डोकावतो. अशा वेळी तो उठून ज्याच्या दारी जाई त्याला ‘अब्बा’ म्हणत. अरामी भाषेतला हा बापासाठीचा शब्द मराठी बायबलातही तसाच ठेवलेला आहे. स्त्री मार्गदर्शकांना ‘अम्मा’ म्हणत. सिंक्लेटिका, सारा आणि थिओडोरा या अम्मांचे बोल आजही जपलेले आहेत.

येणारा प्रवचन मागत नसे. मला एक शब्द द्या, एवढीच त्याची विनवणी असे. उत्तर दोन-चार वाक्यांचे, आणि त्या एकाच माणसापुरते. म्हणूनच या उत्तरांच्या संग्रहात एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याला दिलेल्या सल्ल्याच्या नेमका उलट सापडतो. तो दोष नव्हे. माणूस पाहून बोलण्याची ही पद्धत होती.

लोक अशा माणसांपुढे निर्धास्तपणे का बोलत, हे अब्बा मोशे यांच्या कथेवरून कळते. ते पूर्वी दरोडेखोर होते. एकदा एका चुकलेल्या बंधूचा न्याय करायला सगळे जमले आणि मोशेंनाही बोलावणे गेले. ते गळकी घागर पाण्याने भरून, खांद्यावर घेऊन निघाले. हे काय, असे विचारताच त्यांनी सांगितले, की माझी पापे माझ्यामागे अशी सांडत असताना मी दुसऱ्याचा न्याय करायला निघालो आहे. त्या बंधूला क्षमा मिळाली.

मात्र प्रत्येक वृद्ध मार्गदर्शक ठरत नाही, हेही वाळवंटाने लवकर ओळखले. जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकात मार्सेय इथे लिहिलेली हकिगत या बाबतीत फार मोलाची आहे. एका तरुणाने मनातली वासना एका म्हाताऱ्या साधूला सांगितली. साधूने त्याला इतके झिडकारले, की तो निराश होऊन संसाराच्या वाटेला लागला. वाटेत अब्बा अपोलो भेटले. त्यांनी त्याला धीर दिला, या वयातही आपल्याला हेच विचार छळतात असे सांगून परत फिरवले, आणि मग त्या साधूलाच हीच परीक्षा यावी अशी प्रार्थना केली. साधू वेड्यासारखा सैरावैरा धावू लागला. पिकल्या केसांवरून गुरू पारखू नये. पारखायचा तो विवेक, असे कॅसियन बजावतात.

सहाव्या शतकात गाझाजवळ ही रीत पत्रांत उतरली. तिथले साधक बार्सनुफियस कोठडीबाहेर पडत नसत. मठाधिपती सेरिडोस प्रश्न आत नेत आणि उत्तरे बाहेर आणत. बार्सनुफियस आणि त्यांचे सोबती योहान यांची मिळून आठशेंहून अधिक उत्तरे उपलब्ध आहेत. त्यांत आजारपणाने खचलेले साधक आहेत, तसे संसारी लोकही आहेत.

पुढे आयर्लंडमध्ये अशा मार्गदर्शकाला ‘आत्म्याचा मित्र’ या अर्थाचे नाव मिळाले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा धर्मगुरूपुढे पापांची कबुली, म्हणजे कोकणीतली ‘कुमसार’, सक्तीची केली. पाश्चात्त्य चर्चमध्ये मार्गदर्शन आणि कबुली यांची सांगड त्यामुळे घट्ट झाली.

सोळाव्या शतकात इग्नाशियस लोयोला यांनी या परंपरेला शिस्त लावली. त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. मन खचलेले असताना आधी केलेला निर्धार बदलू नये, हा त्यातला नियम कठीण काळासाठीच आहे. मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखे मध्यभागी राहावे आणि देव व साधक यांच्यामध्ये येऊ नये, अशी तंबीही तिथे आहे. इग्नाशियस यांच्याकडे 1534 मध्ये पॅरिसला ही साधना करणारे फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरले. त्यांच्या जेझुइट संघाबरोबर ही पद्धत कोकणकिनारी आली.